रिकामा डबा आणि नसलेला डबा

कुठल्याही बिझनेस ॲप्लिकेशनचा कोड उघडा. तीन-चार फोल्डर खाली उतरलात की एक बेस क्लास सापडतोच. नाव काहीही असेल, एंटिटीबेस, मॉडेलबेस, बिझनेसऑब्जेक्ट वगैरे. त्याच्या पोटात एक लिस्ट असते, नियमांची. "नाव रिकामं नको", "वय १८ च्या खाली नको", "ऑर्डरची संख्या शून्य नको" असले नियम त्या लिस्टमधे टाकायचे आणि डेटा सेव्ह करण्याआधी एकेक तपासायचे. ग्राहक, ऑर्डर, बिल हे सगळे क्लास या बेसपासून निघतात आणि आपापले नियम त्याच लिस्टमधे भरतात.

आता प्रश्न असा, की ही लिस्ट तयार कोण करतं आणि कधी?

कुणाही सीनिअरला विचारा. तो स्क्रीनवरची नजर न काढता सांगेल, "बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधे नवीन लिस्ट बनव आणि मोकळा हो." उत्तर बरोबरच आहे. कोड रिव्ह्यूमधे मीसुद्धा हेच लिहितो. पण या एका ओळीच्या मागे साठ वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात एक चांगली कल्पना आपण वाटेत कुठेतरी टाकून आलोय. या वीकांताला तिचीच गोष्ट.

नल आला कुठून

आधी डब्याचं उदाहरण घेऊ. ऑफिसात दुपारी जेवायला बसलात, डबा उघडलात आणि आत काहीच नाही, ही एक अवस्था. डबाच आणलेला नाही, ही दुसरी. उपास दोन्हीकडे घडणार. पण पहिल्या अवस्थेत शेजारचा माणूस तुमच्या डब्यात एखादी पोळी टाकू शकतो, दुसऱ्या अवस्थेत त्याला टाकायला जागाच नाही. प्रोग्रामच्या भाषेत पहिली अवस्था म्हणजे रिकामी लिस्ट आणि दुसरी म्हणजे नल. रिकाम्या लिस्टमधे नियम घालता येतो, तिच्यावर लूप फिरवता येतो, ती मोजता येते (उत्तर शून्य, पण उत्तर येतं!). नलला हात लावला की प्रोग्राम कोसळतो.

हा नल १९६५ सालचा. टोनी हॉअर तेव्हा निकलाउस विर्थ यांच्याबरोबर अल्गोल ६० या भाषेची पुढची आवृत्ती आखत होते. हीच पुढे अल्गोल डब्ल्यू म्हणून ओळखली गेली. त्यात हॉअर यांनी रेकॉर्ड आणि त्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारा रेफरन्स अशी जोडी आणली. कुठला रेफरन्स कुठल्या जातीच्या रेकॉर्डकडे बोट दाखवू शकतो हे कंपायलरने आधीच तपासायचं, म्हणजे चालू प्रोग्राममधे गडबड नको, असा त्यांचा आग्रह होता. काळाच्या मानाने हे फारच पुढचं होतं. पण ज्या रेफरन्सला अजून काही दाखवायचंच नाही, त्याचं काय? साखळीतल्या शेवटच्या कडीने पुढे कुणाकडे बोट दाखवायचं? तिथे त्यांनी नल ठेवला. करायला सोपा होता, म्हणून ठेवला गेला. २००९ साली लंडनच्या क्यूकॉन परिषदेत हॉअर यांनी स्वतःच या निर्णयाला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

एक गंमत लक्षात ठेवा. याच हॉअर साहेबांनी पुढे १९७२ साली, डेटा ज्या पद्धतीने आत साठवलाय ती बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं, यावर एक निबंध लिहिला. त्यातून 'इनव्हेरियंट' हा विचार वस्तूंच्या जगात रुजला. म्हणजे ऑब्जेक्ट जन्माला आल्या क्षणापासून बाहेरच्या माणसाला तो कधीही बघता आला, तर एक ठराविक गोष्ट खरी असलीच पाहिजे. "नियमांची लिस्ट कायम असते, ती कधी नल नसते" हा साधासुधा इनव्हेरियंटच आहे. रोग आणि औषध दोन्ही एकाच माणसाकडून. असो.

रांगेतून आलेला वारसा

आता ऑस्लोला जाऊ. तिथल्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमधे ओले-योहान डाल आणि क्रिस्तन न्यूगार्ड हे दोघे सिम्युला नावाची भाषा बनवत होते. नावावरूनच कळतं, काम सिम्युलेशनचं. कारखान्यात माल कुठे तुंबतो, टोलनाक्यावर रांग किती वाढते, असले प्रश्न. पहिली सिम्युला झाली आणि वापरात आली. मग त्यांना एक अडचण सतावायला लागली. टोलनाक्यावर ट्रक येतो, बसही येते. दोघांची माहिती वेगळी, वागणूक वेगळी. पण रांगेत दोघेही सारखेच उभे राहतात. मग रांगेत शिरण्याचा, पुढे सरकण्याचा, बाहेर पडण्याचा कोड प्रत्येक वाहनासाठी पुन्हा पुन्हा का लिहायचा?

हॉअर यांची रेकॉर्डची कल्पना त्यांच्यापर्यंत पोचली होती. तिच्यावर विचार करता करता १९६६-६७ च्या हिवाळ्यात त्यांना तोडगा सुचला. रांगेत उभं राहण्यापुरता एक छोटा क्लास लिहायचा आणि ट्रक, बस यांच्या व्याख्येच्या आधी तो जोडायचा. याला ते 'प्रीफिक्स' म्हणत, म्हणजे उपसर्ग. 'हार'ला 'प्र' लावला की प्रहार, 'वि' लावला की विहार, तसंच काहीसं. आज आपण ज्याला इनहेरिटन्स म्हणतो, तो हाच.

मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. इनहेरिटन्स शिकवताना आपल्याला प्राणी-कुत्रा-मांजर किंवा आकार-वर्तुळ-चौकोन सांगतात. प्रत्यक्षात वारसा जन्मला तो कलेक्शनच्या गरजेतून. बेस क्लासचं पहिलं काम काय होतं, तर यादी सांभाळणं. त्यामुळे बेस क्लासमधे नियमांची लिस्ट ठेवणारा आपला आजचा प्रोग्रामर काही वेगळं करत नाही, मूळच्याच रस्त्यावर चालतोय.

पण खरी खुबी पुढे आहे. सिम्युला ६७ मधे वेगळा कन्स्ट्रक्टर नव्हता. क्लासला एक अंग असायचं, ऑब्जेक्ट तयार झाला की ते अंग चालायचं. बेस असेल तर आधी बेसचं, मग डिराइव्ह्डचं. आणि बेसच्या अंगात एक खास शब्द लिहिता यायचा: 'इनर'. त्याचा अर्थ, "इथे थांबतो, आता पोराचं काय ते होऊ दे, मग माझं उरलेलं करतो." म्हणजे बेसच्या कामाचे दोन भाग. इनरच्या आधीचा भाग, मग डिराइव्ह्डचं सगळं काम, आणि मग परत बेसचा उरलेला भाग.

आपल्या नियमांच्या लिस्टला हे लावून बघा. इनरच्या आधी: रिकामी लिस्ट तयार करा. इनरच्या जागी: डिराइव्ह्ड क्लास आपले नियम भरेल. इनरच्या नंतर: बेस बघेल की भरलेत का, एकच नियम दोनदा आलाय का, आणि मग लिस्टला कुलूप लावेल. लग्नघरात जसा एखादा काका पंगत बसायच्या आधी पानं मांडून घेतो, वाढपी वाढून जातात, आणि मग 'सुरू करा' म्हणायच्या आधी तोच एकदा रांगेवरून नजर फिरवतो, तसं. सुरुवातीला काका, शेवटीही काका.

ही शेवटची नजर फिरवणंच आपण पुढे गमावलं.

काका मधेच उठून गेले

ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युला वापरली होती. लिहायला झकास, चालायला संथ, असा त्यांचा अनुभव. १९७९ साली ते न्यू जर्सीत बेल लॅब्जला आले आणि सिम्युलाचे क्लास सी भाषेच्या वेगाला जोडायच्या मागे लागले. 'सी विथ क्लासेस' असं त्याचं पहिलं नाव. १९८३ मधे सी++ हे नाव पडलं आणि १९८५ मधे ती बाजारात आली.

कन्स्ट्रक्टर हा वेगळा प्रकार म्हणून इथे ठळक झाला. त्यामागचा विचार स्वच्छ होता: बाकीच्या मेथड्सना काम करायला जे वातावरण लागतं ते कन्स्ट्रक्टरने उभं करायचं. क्रमही ठरला. बेसचा कन्स्ट्रक्टर आधी, आणि तो पूर्ण संपल्यावर डिराइव्ह्डचा. पाया झाल्याशिवाय भिंत नाही. इनर मात्र आलाच नाही. सुरुवातीच्या काळात मेथडच्या आधी आणि नंतर आपोआप चालणारी फंक्शन्स स्ट्राउस्ट्रुप यांनी ठेवून बघितली होती, पण ती फारशी कुणी वापरली नाहीत म्हणून काढून टाकली. इनरचा वारसा पुढे डेन्मार्क-नॉर्वेच्या बीटा या भाषेने चालवला, पण ती विद्यापीठांबाहेर फारशी पसरली नाही.

सी++ मधे लिस्टचा प्रश्न मात्र एका वेगळ्याच कारणाने सुटलेला होता. तिथे व्हेक्टर थेट ऑब्जेक्टच्या पोटात ठेवता येतो, रेफरन्स म्हणून नाही. त्यामुळे कन्स्ट्रक्टरचं अंग सुरू व्हायच्या आधीच व्हेक्टर रिकामा पण तयार असतो. डबा शरीरालाच चिकटलेला! विसरायची सोयच नाही.

आणि बेसच्या कन्स्ट्रक्टरने "पोरा, तुझे नियम भर" म्हणून एखादी व्हर्च्युअल मेथड बोलावली तर? सी++ म्हणते, पोर अजून जन्मलंच नाही. बेसचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत तो ऑब्जेक्ट बेसच्याच जातीचा मानला जातो आणि मेथडही बेसचीच चालते. ती मेथड नुसती घोषित असेल, तिला अंगच नसेल, तर प्रोग्राम मरतो. विंडोजवर व्हिज्युअल सी++ मधे काम केलेल्यांना तो आर६०२५ आकड्याचा 'प्युअर व्हर्च्युअल फंक्शन कॉल' वाला डबा आठवत असेल. (हा डबा जेवणाचा नव्हे, मेसेजचा!)

दोन भाषा, दोन तऱ्हा

१९९५ साली जावा आली आणि तिने नेमका उलटा कौल दिला. जावात बेसच्या कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल मेथड बोलावली तर डिराइव्ह्डचीच चालते. ऐकायला सोयीचं वाटतं. पण त्या वेळी डिराइव्ह्डच्या फील्ड्सना किमती मिळालेल्या नसतात. जावाच्या अधिकृत स्पेसिफिकेशनमधेच एक छान उदाहरण आहे. बेसचा कन्स्ट्रक्टर एक मेथड बोलावतो, डिराइव्ह्डमधे ती मेथड 'तीन' नावाचं फील्ड छापते. त्या फील्डला किंमत पायपासून दिलेली, दशांश उडवून ३. पहिल्यांदा छापलं जातं ०. नंतर तीच मेथड पुन्हा बोलावली की ३. एकच फील्ड, एकच मेथड, आणि उत्तरं दोन.

शिवाय जावात सी++ सारखा पोटातला डबा नाही. लिस्ट हा रेफरन्सच असतो, आणि ज्या फील्डला काही दिलं नाही ते नल. म्हणजे १९६५ चा पाहुणा परत दारात.

यातला सगळ्यात वाईट प्रकार सांगतो. समजा नियमांची लिस्ट बेसमधे नसून डिराइव्ह्डमधे आहे, आणि तिथे घोषणेच्याच ओळीत 'नवीन लिस्ट' असं लिहिलंय. बेसचा कन्स्ट्रक्टर नियम भरायची मेथड बोलावतो. मेथड बघते तर लिस्ट नल. लिहिणारा हुशार, त्याने आधीच लिहून ठेवलंय की नल असेल तर बनवून घे. लिस्ट बनली, पाच नियम भरले गेले. मग बेसचा कन्स्ट्रक्टर संपतो आणि जावा डिराइव्ह्डच्या घोषणा चालवायला घेते. 'नवीन लिस्ट' ही ओळ आता चालते. भरलेली लिस्ट फेकली जाते आणि तिच्या जागी कोरी करकरीत रिकामी लिस्ट येते. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. पाच नियम गेले कुठे, हे शोधायला अख्खी दुपार जाते.

हीच लिस्ट बेसमधे, बेसच्या कन्स्ट्रक्टरमधे बनवली असती तर हे झालं नसतं, कारण बेसचं काम सगळ्यात आधी पूर्ण होतं. सीनिअर लोक ती एक ओळ तोंडपाठ का म्हणतात, त्याचं कारण इथे आहे. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ च्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात दोन्ही गोष्टी बजावून सांगितल्या: कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकेल अशी मेथड बोलावू नका, आणि नलऐवजी रिकामा ॲरे परत करा.

सी शार्प २००० साली जाहीर झाली आणि २००२ मधे .नेट १.० बरोबर आली. आंद्रेस हेल्सबर्ग आणि मंडळींनी तिसरीच वाट काढली. व्हर्च्युअल मेथड जावासारखी, म्हणजे डिराइव्ह्डची चालणार. पण घोषणेच्या ओळीत दिलेल्या किमती बेसचा कन्स्ट्रक्टर सुरू व्हायच्याही आधी बसवायच्या. म्हणजे घोषणा आधी पोराच्या, मग बापाच्या. कन्स्ट्रक्टरची अंगं मात्र आधी बापाचं, मग पोराचं. कंपायलरच्या टीममधल्या एरिक लिपर्ट यांनी २००८ मधे याचं कारण समजावून लिहिलं होतं: अशा क्रमामुळे घोषणेत किंमत दिलेलं रीडओन्ली फील्ड कुणालाही कधी नल दिसत नाही.

मग प्रश्न मिटला? नाही. कारण सगळ्या किमती घोषणेच्या ओळीत देता येत नाहीत. समजा ऑर्डरचा नियम आहे, "संख्या मर्यादेपेक्षा जास्त नको", आणि मर्यादा डिराइव्ह्डच्या कन्स्ट्रक्टरला बाहेरून मिळते. बेस जेव्हा "नियम भर" म्हणतो, तेव्हा ती मर्यादा अजून फील्डमधे पोचलेलीच नाही, तिथे ० आहे. त्या घटकेला आकडा उचलून नियम बनवला, तर नियम तयार होतो: संख्या ० पेक्षा जास्त नको. लिस्ट आहे, नियम आहे, आणि तरी सगळं चुकलेलं.

म्हणूनच क्रिस्तॉफ च्वालिना आणि ब्रॅड एब्रम्स यांच्या २००५ च्या 'फ्रेमवर्क डिझाइन गाइडलाइन्स' मधे कन्स्ट्रक्टरमधून व्हर्च्युअल मेंबर बोलावणं टाळा असं आहे. कलेक्शन प्रॉपर्टी नल परत करू नका आणि तिला सेटर देऊ नका, हेही त्यातलंच. सेटर दिला की कुणीतरी बाहेरून आख्खी लिस्टच बदलून टाकतो, आणि बेसने दिलेला शब्द मोडतो. मायक्रोसॉफ्टचं एफएक्सकॉप हे हत्यार तर या दोन्ही गोष्टी शोधून आपल्याला टोचायचं.

नियमांचीच चौकट

आता नेमका आपला विषय, व्हॅलिडेशन. .नेटच्या दुनियेत रॉकफर्ड लोट्का यांची सीएसएलए ही चौकट बऱ्याच जणांनी वापरली असेल. तिच्यात बिझनेसबेस नावाचा बेस क्लास आहे. तो ऑब्जेक्टच्या बांधणीच्या वेळी एक व्हर्च्युअल मेथड बोलावतो, आणि त्या मेथडमधे तुम्ही आपले नियम घालायचे. म्हणजे गाइडलाइन म्हणते करू नका, तेच. पण यातून सुटायचा रस्ताही त्यांनी पुढच्या आवृत्त्यांत काढला: नियम एकेका ऑब्जेक्टचे नाहीतच, ते त्या जातीचे आहेत. दहा हजार ऑर्डर्स असल्या तरी "संख्या शून्य नको" हा नियम एकच. मग तो एकदाच भरायचा आणि सगळ्यांनी वाटून घ्यायचा. नियम जातीचा असला की भरताना ऑब्जेक्टच्या फील्डला हात लावायची गरज नाही, आणि अर्धवट जन्मलेल्या ऑब्जेक्टची भीती बरीचशी संपते.

जेरेमी स्किनर यांच्या फ्लुएंटव्हॅलिडेशनने दिशा बदलली. तिथेही एक बेस क्लास आहे, नियमांची यादी त्याच्याकडेच आहे. पण तो पोराला हाक मारत नाही. डिराइव्ह्ड व्हॅलिडेटर स्वतःच्या कन्स्ट्रक्टरमधे बेसच्या मेथडला हाक मारतो आणि नियम घालतो. तोवर बेसचं बांधकाम पूर्ण झालेलं असतं, मर्यादाही हातात आलेली असते. हाक वरून खाली न जाता खालून वर जाते. बदल एवढाच, पण डोकेदुखी निम्मी होते.

तरीही एक भोक राहतंच. कन्स्ट्रक्टर चाललाच नाही तर? .नेटचा बायनरीफॉरमॅटर ऑब्जेक्ट परत उभा करताना कन्स्ट्रक्टर बोलावत नसे, थेट कोरी मेमरी घेऊन त्यात फील्ड्स भरत असे. २००६ मधे डब्ल्यूसीएफ आलं. त्यातला डेटाकाँट्रॅक्टसिरिअलायझर, डेटा काँट्रॅक्ट लावलेल्या क्लाससाठी, तसंच करतो. म्हणजे नेटवर्कच्या एका टोकाला ऑब्जेक्टकडे लिस्ट आहे, दुसऱ्या टोकाला तोच ऑब्जेक्ट लिस्टशिवाय अवतरतो. बेसच्या कन्स्ट्रक्टरमधली ती पवित्र ओळ तिथे कधी चाललीच नाही. उपाय होते: डीसिरिअलाइझ होतानाच्या घटनेला मेथड जोडा, किंवा प्रॉपर्टी पहिल्यांदा मागितली तेव्हा लिस्ट बनवा. (बायनरीफॉरमॅटर सुरक्षेच्या कारणावरून २०२४ च्या .नेट ९ मधून हद्दपार झाला. पण त्याच्यासाठी लिहिलेला कोड अजून कुठे कुठे नांदतोय.)

रिकाम्या लिस्टचा धोका

इथवर सगळी लढाई नलशी होती. तयार केली लिस्ट, संपला नल. पण व्हॅलिडेशनच्या बाबतीत मला खरी भीती नलची वाटत नाही, रिकाम्या लिस्टची वाटते.

ऑब्जेक्ट वैध आहे का, हे कसं ठरतं? "लिस्टमधले सगळे नियम पाळले गेलेत का?" लिस्ट रिकामी असेल तर उत्तर काय येतं? हो! २००७ च्या लिंकमधलं 'ऑल', २०१४ च्या जावा ८ मधलं 'ऑलमॅच', पायथनचं 'ऑल', सगळे रिकाम्या यादीवर 'खरं' म्हणतात. आणि तर्कशास्त्रात ते बरोबरच आहे. ॲरिस्टॉटलच्या परंपरेत "सगळे अमुक तमुक आहेत" म्हटलं की निदान एक तरी अमुक आहे असं गृहीत असायचं. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात घडलेल्या नव्या तर्कशास्त्राने ते गृहीतक सोडून दिलं, आणि आपल्या भाषा त्या नव्या घराण्यातल्या. गावात वाघच नसतील तर "गावातले सगळे वाघ शाकाहारी आहेत" हे विधान खरं. एकही पेपर दिला नाही, म्हणजे एकाही पेपरात नापास नाही. गणिताला चालतं, आईबाबांना चालत नाही. :)

आता बघा. लिस्ट नल असेल तर प्रोग्राम पहिल्याच सेव्हला कोसळेल, टेस्टर बोंब मारेल, तासाभरात दुरुस्त होईल. लिस्ट रिकामी असेल तर काहीच होणार नाही. उणे संख्येच्या ऑर्डरी, नाव नसलेले ग्राहक, जन्मतारीख २०९० असलेले रुग्ण, सगळे गुपचूप डेटाबेसमधे जाऊन बसतील. कळेल ते सहा महिन्यांनी, एखादा रिपोर्ट जुळत नाही म्हणून. तोवर खराब ओळी चांगल्या ओळींत मिसळून गेलेल्या. कोड दुरुस्त करायला पाच मिनिटं, डेटा दुरुस्त करायला एक माणूस, आणि त्या माणसाचे वीकांत.

म्हणजे बेसच्या कन्स्ट्रक्टरमधे रिकामी लिस्ट बनवून आपण बोंब मारणारी चूक बंद करतो आणि तिच्या जागी गप्प बसणारी चूक ठेवतो. रिकामी लिस्ट दोन अर्थ पोटात घेऊन बसते: "या क्लासला नियम नाहीत" आणि "नियम अजून भरलेच नाहीत". तिच्याकडे नुसतं बघून फरक कळत नाही. काकाने पानं मांडली आणि निघून गेला. आता पान रिकामं आहे ते पाहुण्याला उपास आहे म्हणून, की वाढपी पोचलाच नाही म्हणून?

इनर हरवला याची किंमत ती हीच. बेसला सुरुवातीला बोलायची जागा आहे, शेवटी बोलायची नाही.

बेर्ट्रान्ड मेयर यांना हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं. त्यांच्या आयफेल भाषेत हॉअर यांचा इनव्हेरियंट थेट क्लासमधे लिहिता येतो. तो वारशाने खाली उतरतो. आणि ऑब्जेक्टची निर्मिती पूर्ण झाल्यावर, म्हणजे डिराइव्ह्डचंही काम आटोपल्यावर, बेसचा आणि डिराइव्ह्डचा दोन्ही इनव्हेरियंट मिळून तपासले जातात. शेवटची नजर तिथे आहे! पण आयफेलही मुख्य प्रवाहात आली नाही.

मुख्य प्रवाहातल्या भाषा अजून या क्रमाशी झटताहेत. २०१४ ची स्विफ्ट म्हणते, पोराने आधी स्वतःची फील्ड्स भरावीत आणि मगच बेसला बोलवावं. २०१६ मधे १.० झालेली कॉटलिन नलवर कडक आहे, पण जावाचाच क्रम पाळते, त्यामुळे कधीच नल नसणारी प्रॉपर्टीसुद्धा बेसच्या कन्स्ट्रक्टरमधून नल दिसू शकते. सी शार्प ८ ने २०१९ मधे, नल चालणार नसलेली प्रॉपर्टी कन्स्ट्रक्टर संपेपर्यंत भरली नाही तर टोकायला सुरुवात केली. आणि जावाने? ३० वर्षांनी, सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ मधे, बेसचा कन्स्ट्रक्टर बोलावण्याआधी स्वतःची फील्ड्स भरायची मुभा कायमची दिली. हे सगळे नलचे इलाज आहेत. रिकाम्या लिस्टवर यातला एकही बोलत नाही.

मग आपण काय करायचं? इनर नाही, तर तो हाताने लिहायचा. लिस्ट बेसमधेच बनवा, रीडओन्ली ठेवा, सेटर देऊ नका. बेसमधून पोराला हाक मारू नका, पोराला स्वतःच्या कन्स्ट्रक्टरमधून नियम घालू द्या. आणि बेसची शेवटची नजर ठेवायची जागा म्हणजे पहिलं व्हॅलिडेशन. त्या क्षणी लिस्टला कुलूप लावा. लिस्ट रिकामी असेल तर 'वैध' म्हणू नका, सरळ एक्सेप्शन फेका. ज्या क्लासला खरोखरच नियम नाहीत त्याने तसं स्पष्ट सांगावं, एका ओळीत, स्वतःच्या तोंडाने. पाच-सात ओळींचं काम आहे.

डाल आणि न्यूगार्ड यांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं आणि २००२ च्या उन्हाळ्यात, दीड महिन्याच्या आत, दोघेही गेले. त्यांच्या भाषेत आज कुणी फारसं लिहीत नाही. पण रिव्ह्यूमधे "बेसच्या कन्स्ट्रक्टरमधे लिस्ट बनव" असं कुणी लिहिलं, की आता मी खाली एक ओळ जोडतो: "आणि ती भरली का, हे कोण बघणार?"